जुन्या सुपरहिरो कॉमिक्सची अजब मुखपृष्ठं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"जुनी" म्हणजे नेमकी कधीची?

साधारण १९३८ ते १९७० या काळात अमेरिकेत छापलेली. १९३८ मध्ये सुपरमॅन आला. तिथपासूनच्या पहिल्या टप्प्याला संग्राहक सुवर्णयुग म्हणतात. १९५६ मध्ये डीसी या प्रकाशन कंपनीने फ्लॅश या नायकाला नव्या रूपात आणलं आणि तिथून रौप्ययुग सुरू झालं असं मानतात. या पानावर रौप्ययुगाबद्दल जास्त आहे, कारण मुखपृष्ठांची खरी कमाल त्याच काळात झाली.

ही मुखपृष्ठं इतकी विचित्र का असतात?

लोक ती पाहून हसतात आणि धरून चालतात की तेव्हाची माणसं भाबडी होती. मला हे मुळीच पटत नाही. त्या चित्रांमधला विचित्रपणा अतिशय विचार करून आणलेला आहे.

ती विकली कुठे जायची ते आधी पाहा. कॉमिक्सची वेगळी दुकानं नव्हती. औषधांच्या दुकानात, वाण्याकडे, बसस्थानकावरच्या स्टॉलवर तारेचा एक फिरता स्टँड असायचा आणि त्यात डझनावारी अंक एकमेकांवर दाटीने खोचलेले असायचे. समोर उभ्या मुलाच्या खिशात दहा सेंट, म्हणजे एकाच अंकाचे पैसे. शिवाय सगळा व्यवहार परतीच्या बोलीवर चालायचा. न खपलेल्या अंकांचे पैसे दुकानदाराला परत मिळत. अख्खा गठ्ठा परत पाठवायचा खर्च नको म्हणून तो कव्हरचा वरचा, नावाचा पट्टा फाडून पुरावा म्हणून पाठवायचा आणि उरलेला अंक रद्दीत जायचा. छापलेला पण न खपलेला प्रत्येक अंक असा प्रकाशकाच्या अंगावर पडायचा.

त्या मुलाला थांबवण्याची सगळी जबाबदारी मुखपृष्ठावर होती. कुणी मारामारी दाखवून थांबवलं, कुणी राक्षस दाखवून. डीसीच्या संपादकांना त्याहून जोरकस उपाय सापडला: कोडं. चित्र असं हवं की बघणाऱ्याच्या तोंडून "हे असं कसं झालं?" निघालंच पाहिजे आणि उत्तर आतल्या पानांखेरीज कुठेच मिळता कामा नये. अफाट वेगाने पळणारा फ्लॅश गोल गरगरीत होऊन बसलाय आणि शीर्षक सांगतंय की आज त्याचं वजन हजार पौंड आहे (फ्लॅश, अंक ११५, सप्टेंबर १९६०). ज्याची सगळी ओळख वेगात आहे, त्याला हलताच येत नाही! हे पाहून पुढे जाणारं मूल विरळाच.

चित्र आधी आणि गोष्ट नंतर, हे खरं आहे का?

पुष्कळदा खरं आहे, आणि या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे.

ज्युलियस श्वार्ट्झ हे डीसीचे संपादक. विज्ञानकथांच्या वर्तुळातून आलेला, कथानकाची गंमत ओळखणारा माणूस. कार्माइन इन्फॅन्टिनो हे त्यांचे चित्रकार. इन्फॅन्टिनो मुखपृष्ठाची कल्पना रेखाटून आणत, किंवा संपादक आणि चित्रकार मिळून ती ठरवत, आणि मग गार्डनर फॉक्स किंवा जॉन ब्रूम यांच्यासारखा लेखक श्वार्ट्झ यांच्यासमोर बसून त्या चित्राला लागू पडेल अशी गोष्ट रचत असे. आधी अशक्य प्रसंग मांडायचा आणि नंतर त्याचं कारण शोधून काढायचं.

फ्लॅशचा १२३वा अंक, सप्टेंबर १९६१. इन्फॅन्टिनोंचं पेन्सिलचं रेखाटन आणि त्यावर मर्फी अँडरसन यांची शाई. चित्राच्या मधोमध विटांची भिंत उभी आहे. मागे एका माणसावर लोखंडी तुळई कोसळतेय आणि तो मदतीसाठी ओरडतोय. भिंतीच्या एका बाजूने आजचा फ्लॅश धावत येतोय. दुसऱ्या बाजूने १९४० च्या दशकातला, डोक्यावर पंखवालं शिरस्त्राण घातलेला जुना फ्लॅश. दोघेही "आलोच!" म्हणतायत आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. त्या काळी नव्या फ्लॅशच्या जगात जुना फ्लॅश निव्वळ कॉमिक्समधलं पात्र होता. मग हे दोघे एकाच चित्रात कसे?

उत्तर म्हणून फॉक्स यांनी लिहिलं की विश्वात दोन पृथ्वी आहेत, एकाच जागी पण वेगवेगळ्या कंपनावर. आज सुपरहिरोंच्या सिनेमांमध्ये समांतर विश्वांचा जो सुकाळ आहे, त्याची एक मोठी मुळी या अंकात सापडते. वाचकाला भिंतीच्या दोन्ही बाजू दिसतात, पात्रांना एकच. एवढ्या साध्या मांडणीत इतका ताण भरणारं मुखपृष्ठ मी दुसरं पाहिलेलं नाही.

गोरिलांचं काय प्रकरण आहे? जिकडे तिकडे गोरिला का?

मे १९५१ मध्ये श्वार्ट्झ यांच्या 'स्ट्रेंज ॲडव्हेंचर्स' या विज्ञानकथांच्या मासिकाच्या आठव्या अंकावर माणसासारखी बुद्धी असलेला गोरिला आला. पिंजऱ्यातून तो आपली व्यथा लिहून दाखवतोय असं चित्र होतं. अंक नेहमीपेक्षा जोरात खपला. कारण शोधायला गेल्यावर वरिष्ठांना गोरिलाखेरीज दुसरं काही सापडेना. मग पुन्हा गोरिला छापला आणि पुन्हा खप वाढला. श्वार्ट्झ यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, त्यानंतर प्रत्येक संपादकाला आपल्या मासिकावर गोरिला हवा झाला आणि शेवटी नियम करावा लागला: कंपनीच्या सगळ्या मासिकांत मिळून महिन्याला एकच गोरिला.

सुपरहिरोंच्या जगातही ही वानरं शिरली. १९५९ मध्ये सुपरमॅनसमोर टायटॅनो नावाचं महाकाय वानर आलं आणि त्याच वर्षी फ्लॅशसमोर ग्रॉड हा अतिबुद्धिमान गोरिला. वर सांगितलेल्या हजार पौंडांच्या फ्लॅशमागेही ग्रॉडचाच हात होता. माझ्या मते या चित्रांची ओढ प्राण्यामुळे कमी आणि त्याच्या नजरेमुळे जास्त आहे. चांगल्या गोरिला-कव्हरवर तो प्राणी माणसासारखा विचार करताना दिसतो, आणि आपली नजर तिथून हलत नाही.

सगळ्यात पहिलं मुखपृष्ठ कोणतं?

'ॲक्शन कॉमिक्स', अंक पहिला. अंकावर जून १९३८ छापलंय, पण तो बाजारात एप्रिलमध्येच आला. दुकानदाराने अंक लवकर शिळा समजू नये म्हणून पुढची तारीख छापायची पद्धत होती. चित्र जो शुस्टर यांचं. निळ्या पोशाखातला, लाल केपवाला एक माणूस हिरवी मोटार डोक्यावर उचलून खडकावर आपटतोय. काच आणि चाक उडतंय. पुढच्या बाजूला एक माणूस दोन्ही हातांनी डोकं धरून पळतोय, जवळजवळ चित्राच्या चौकटीतून बाहेर.

आता त्यावर काय नाही ते पाहा. सुपरमॅनचं नाव नाही, एकही संवाद नाही, हा माणूस देव आहे की दानव याचा खुलासाही नाही. पळणाऱ्या माणसाकडे बघून तर तो खलनायकच वाटावा. हे चित्र प्रकाशक हॅरी डॉनेनफेल्ड यांना हास्यास्पद वाटल्याचं सांगितलं जातं, आणि पुढच्या काही अंकांच्या मुखपृष्ठांवर सुपरमॅन नव्हता हे तर अंक समोर ठेवून कुणीही तपासू शकतं. सातव्या अंकावर तो परतला. तोवर मुलं स्टॉलवर जाऊन "तो सुपरमॅनवाला अंक द्या" म्हणू लागली होती. या पात्राचे हक्क जेरी सीगल आणि शुस्टर या दोन तरुणांनी १३० डॉलरला विकले होते, हे कुठेही सांगायचं राहू नये असं मला वाटतं.

हिटलरला ठोसा मारणारं कव्हर युद्धाच्या काळातलं ना?

युद्ध युरोपात पेटलेलं होतं, पण अमेरिका त्यात उतरलेली नव्हती. 'कॅप्टन अमेरिका कॉमिक्स'चा पहिला अंक डिसेंबर १९४० मध्ये बाजारात आला, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या जवळपास वर्षभर आधी. त्याचे निर्माते जो सायमन आणि जॅक कर्बी हे दोघेही ज्यू घरांतले. जिवंत, सत्तेवर असलेल्या हुकूमशहाला नावानिशी दाखवून त्याच्या जबड्यावर ठोसा मारायचा, हा त्या वेळी उघड राजकीय पवित्रा होता. देशात युद्धविरोधी मतही मोठं होतं आणि नाझींचे समर्थकही होते. सायमन यांनी लिहून ठेवलंय की कार्यालयाला धमक्या आल्या आणि पोलीस संरक्षण घ्यावं लागलं.

हे मुखपृष्ठ कोडं घालत नाही, सरळ बाजू घेतं. या लेखातल्या बाकीच्या चित्रांपेक्षा ते म्हणूनच वेगळं आहे.

कोपऱ्यातला तो टपाल तिकिटासारखा शिक्का कसला?

कॉमिक्स कोड ऑथॉरिटीचा. १९५४ मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्कमध्ये कॉमिक्स आणि बालगुन्हेगारी या विषयावर सुनावणी घेतली. भयकथा छापणाऱ्या एका प्रकाशकाला कापलेल्या मुंडक्याचं मुखपृष्ठ दाखवून "हे तुम्हाला अभिरुचीला धरून वाटतं का?" असं विचारलं गेलं. वातावरण इतकं तापलं की सरकारी बंदी येण्याआधी प्रकाशकांनी स्वतःच नियमावली, म्हणजे हा कोड, बनवली. शिक्का नसलेला अंक बहुतेक वितरक उचलत नसत. शिक्क्याची रचना डीसीचे अक्षरकार आयरा श्नॅप यांची मानली जाते.

मुखपृष्ठांवर याचा परिणाम खोल झाला. रक्त गेलं, मुडदे गेले, शीर्षकात "हॉरर" किंवा "टेरर" हे शब्द वापरायला मनाई झाली. पण अंक तर विकायचाच होता. नायकाचा जीव धोक्यात दाखवणं अवघड झालं, तेव्हा चित्रकारांनी त्याचं बाकी सगळं धोक्यात घातलं: रूप, वय, आठवण, मान, मैत्री. नायक म्हातारा होतो, तान्हा होतो, जाड होतो, मुंगीएवढा होतो, त्याला कुणी ओळखेनासं होतं. मे १९६२ च्या 'बॅटमन'वर बॅटमन लहान बाळ झालाय, तोही पूर्ण पोशाखात. लहान मुलाला खरोखर कशाची भीती वाटते? मरणाची कल्पना त्याला फारशी नसते. आपलं शरीर बदलेल, आईबाप आपल्याला ओळखणार नाहीत, सगळे आपल्याला हसतील, ही भीती मात्र रोजची असते. कोडने दार बंद केल्यावर हे लोक या भीतीपाशी जाऊन पोचले. या कव्हरांचं गारूड इतकी वर्षं टिकलंय त्याचं मुख्य कारण मला तरी हेच दिसतं.

मुखपृष्ठावर एक आणि आत भलतंच, अशी फसवणूक व्हायची का?

कधी कधी ताणलेलं असायचं, पण चांगले संपादक शब्द पाळत. जे चित्र बाहेर, तो प्रसंग आत घडायचा आणि त्याला कारणही मिळायचं.

मार्च १९५७ चा 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स', अंक २४१ घ्या. बॅटमन भडक गुलाबी पोशाखात उभा आहे, बाजूला इतर रंगांचे पोशाख टांगलेत, आणि तो रॉबिनला सांगतोय की मला रोज वेगळ्या रंगाचा पोशाख घालावाच लागेल. अंधारात वावरणारा, काळ्या-करड्या कपड्यांतला माणूस असं का करेल? आत कळतं की एका मुलीला वाचवताना डिक ग्रेसनचा, म्हणजे मुखवट्याविना असलेल्या रॉबिनचा, हात दुखावलाय आणि ते लोकांनी पाहिलंय. त्याच हाताला दुखापत झालेला रॉबिन लोकांना दिसला तर दोघांचं गुपित फुटेल. म्हणून सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळाव्यात यासाठी बॅटमन रंगीबेरंगी होऊन फिरतो. बाहेरचा चमत्कार आतल्या जिव्हाळ्यातून जन्मलाय. मला ही कथा अतिशय हृद्य वाटते.

ऑगस्ट १९६६ चा 'फ्लॅश', अंक १६३ यापुढची पायरी आहे. फ्लॅश तळहात पुढे करून थेट आपल्याकडे पाहतोय: "थांबा! हा अंक तसाच सोडून जाऊ नका! माझा जीव त्यावर अवलंबून आहे!" विक्रीची हाक म्हणून हे उघड आहे. पण आतल्या गोष्टीत लोक फ्लॅशला विसरू लागतात, तो आहे यावरचा त्यांचा विश्वास उडतो आणि त्यामुळे तो खरंच विरत जातो. कुणीतरी त्याच्यावर विश्वास ठेवणं हाच त्याचा प्राणवायू होतो. म्हणजे मुखपृष्ठावरची विनवणी शब्दशः खरी निघते.

लोइस लेन आणि जिमी ऑल्सनच्या कव्हरवर सुपरमॅन इतका दुष्ट का वागतो?

हा प्रश्न ही चित्रं पहिल्यांदा बघणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. लोइस ही सुपरमॅनवर प्रेम करणारी वार्ताहर, जिमी हा त्याचा तरुण मित्र. जिमीचं मासिक १९५४ मध्ये सुरू झालं, लोइसचं १९५८ मध्ये. दोन्ही संपादक मॉर्ट वाइसिंगर यांच्या देखरेखीखाली. ऑगस्ट १९५८ च्या जिमीच्या अंकावर सुपरमॅनने त्याला दत्तक घेतलंय. जिमीने पितृदिनाची भेट आणलीय आणि सुपरमॅन ती आपल्या नजरेच्या उष्णतेने नष्ट करतोय. बघवत नाही. आत गेल्यावर समजतं की दत्तकाचं नातं तुटावं म्हणून तो मुद्दाम कठोर वागतोय, कारण हे नातं टिकलं तर मुलाचा घात होईल अशी त्याला धास्ती आहे.

पॅटर्न लक्षात आला असेल. जगातला सर्वांत भला माणूस वाईट वागताना दाखवायचा, म्हणजे कोडं आपोआप तयार होतं. पण हे चित्र परिणाम करतं ते कर्ट स्वान यांच्यासारख्या चित्रकारांमुळे. स्वान चेहरे काढायचे ते शांत, प्रमाणबद्ध, शेजारच्या घरातल्या माणसांसारखे. त्यांनी कधी अतिशयोक्ती करून आपल्याला डोळा मारला नाही. जून १९६१ च्या अंकावर जिमी अजस्र कासव-माणूस झालाय आणि तोसुद्धा त्यांनी तितक्याच गांभीर्याने काढलाय. चित्रकार हसत नाही, म्हणून आपण त्यात अडकतो.

लोइसच्या बाबतीत मात्र मला पूर्ण बचाव करता येत नाही. तिची स्पर्धा, मत्सर, लग्नाचा ध्यास आणि मग फजिती, हे सूत्र फार वेळा वापरलं गेलं. १९५८ च्या एका मुखपृष्ठावर तिचं वाढलेलं वजन हाच सगळा विषय आहे. फ्लॅशच्या वजनाने तो त्याचं काम करू शकत नाही म्हणून काळजी वाटते, लोइसच्या वजनाने ती सुपरमॅनसमोर कशी दिसेल याची. हा फरक त्या काळाचा आहे आणि तो खुपतो, खुपलाच पाहिजे. तिच्या मासिकाचे चित्रकार कर्ट शॅफेनबर्गर यांनी काढलेली लोइस मात्र चेहऱ्याने हुशार, चटपटीत, स्वतःचं डोकं असलेली वाटते. शब्दांनी तिच्यावर केलेला अन्याय रेषेने थोडा भरून काढला.

हे सगळं काढणारे लोक कोण? सही का दिसत नाही?

बहुतेकांना सही करायची मुभा नव्हती. बॅटमनच्या चित्रांवर बॉब केन यांचं नाव असायचं, पण १९५३ पासून पुढे बरीच वर्षं त्यांच्या नावाखाली शेल्डन मोल्डॉफ काम करत होते. चित्राचे पैसे पानाच्या हिशेबाने मिळत आणि मूळ चित्र कंपनीकडे राही. पुष्कळशी मूळ चित्रं कापून, फाडून टाकली गेली. चित्रकारांना मूळ पानं परत मिळावीत म्हणून नील ॲडम्स आणि इतरांनी आवाज उठवला आणि १९७० च्या दशकाच्या मध्यात परिस्थिती बदलू लागली.

अक्षरकारांना तर कुणीच ओळखत नाही. आयरा श्नॅप यांनी १९४० मध्ये सुपरमॅनच्या नावाची अक्षरं घोटून आज आपण ओळखतो ती घडण दिली, आणि पुढे डीसीच्या असंख्य मुखपृष्ठांवरची शीर्षकं आणि संवादांचे फुगे त्यांच्या हातचे आहेत. ते अक्षर गोलसर, नीटस, सिनेमाच्या जुन्या पाट्यांची आठवण देणारं आहे. फुग्यातला मजकूर झाकून हीच चित्रं बघा. निम्मी जादू जाते.

स्त्रियाही होत्या, फार थोड्या. डीसीकडे रमोना फ्रॅडन. मेटामॉर्फो हा चार मूलतत्त्वांच्या चट्टापट्ट्यांचा नायक चित्ररूपात त्यांनीच घडवला. डीसीची प्रतिस्पर्धी कंपनी मार्व्हलकडे मरी सेव्हरिन, ज्यांनी 'हल्क'ची मुखपृष्ठं काढली आणि १९७० च्या दशकात कंपनीच्या कितीतरी मुखपृष्ठांचे आराखडे केले.

रंग इतके वेगळे का वाटतात?

आतली पानं स्वस्त न्यूजप्रिंटवर छापत. निळा, किरमिजी आणि पिवळा या तीन शाया, प्रत्येकीच्या तीन छटा, अधिक ती शाई अजिबात नसणं. म्हणजे चार गुणिले चार गुणिले चार, एकूण ६४ रंग. वर काळी रेघ. कव्हर मात्र गुळगुळीत कागदावर छापत, त्यामुळे तिथे रंग शोषला न जाता झळकायचा. डीसीत जॅक ॲडलर यांनी शाईच्या करड्या छटांवर रंग चढवून जवळजवळ रंगचित्रासारखी खोली आणायचं तंत्र वापरलं. अशी कव्हरं प्रामुख्याने युद्ध आणि साहसाच्या मासिकांवर दिसतात. आज पिवळट पडलेल्या प्रतीत जो उबदारपणा दिसतो तो कागदाच्या वयाचा आहे. मूळ रंग चांगलेच कडक होते.

मार्व्हलची मुखपृष्ठंही अशीच होती का?

नाही. मार्व्हलची ओढ कोड्यापेक्षा धडकेकडे. 'फँटास्टिक फोर'चा पहिला अंक (नोव्हेंबर १९६१): रस्ता फोडून हिरवा राक्षस वर आलाय आणि त्याच्याशी झुंजणाऱ्या चौघांच्या अंगावर गणवेशसुद्धा नाहीत. ऑगस्ट १९६२ मध्ये स्पायडरमॅन आला तेव्हा स्टीव्ह डिटको यांनी काढलेलं मुखपृष्ठ नाकारून कर्बींकडून नवं करून घेतलं आणि त्यावर शाई डिटकोंनी चढवली. कर्बींच्या चित्रात आकृती अंगावर येते, तो जोर डिटकोंच्या चित्रात नव्हता. मात्र ज्याला एकटेपणाची गोष्ट हवी त्याला डिटकोच जवळचे वाटतील.

मार्व्हलची एक युक्ती अफलातून होती. वरच्या डाव्या कोपऱ्यात नायकाच्या चित्राची छोटी चौकट. स्टँडवर अंक एकमेकांखाली दडले तरी नेमका तेवढा कोपरा बाहेर राहायचा.

यात आक्षेपार्ह काही नाही का?

आहे, आणि ते लपवून ही चित्रं दाखवू नयेत. युद्धकाळात ॲलेक्स शोम्बर्ग यांच्यासारख्या विलक्षण कारागिराने काढलेल्या गच्च भरलेल्या मुखपृष्ठांवर जपानी सैनिक अमानुष, सुळे असलेल्या प्राण्यांसारखे रंगवलेत. मी शोम्बर्ग यांची रचना पाहून थक्क होतो, प्रत्येक कोपऱ्यात एक यंत्र, एक सापळा, एक झेप. पण हे चेहरे पाहिले की थबकतो. मुलांना दाखवताना सोबत बसावं आणि त्या चेहऱ्यांबद्दल बोलावं.

आपल्याकडे याचं काही नातं आहे?

इंद्रजाल कॉमिक्स. मार्च १९६४ मध्ये मुंबईहून टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनगृहाने ही मालिका सुरू केली आणि ती १९९० पर्यंत चालली. मराठीसह अनेक भाषांत ती निघायची आणि तिच्यातला फँटम आपल्याला वेताळ म्हणून ठाऊक आहे. घट्ट पोशाख आणि मुखवट्याचा हा नायक अमेरिकी वर्तमानपत्रांत १९३६ मध्येच आला होता, सुपरमॅनच्याही आधी. वर्तमानपत्री चित्रपट्टीला मुखपृष्ठ नसतं. त्यामुळे इंद्रजालची कव्हरं इथेच, नव्याने करावी लागली, आणि सुरुवातीच्या काळात ती बी. गोविंद यांनी रंगवली. ती रेषेची नाहीत, रंगाची आहेत. अमेरिकी कव्हरांसारखी कोडी त्यांत क्वचितच दिसतात. तिथे जंगल आहे, कवटीची गुहा आहे, घोडा आहे आणि एक वातावरण आहे. ज्यांच्या लहानपणी हे अंक घरात होते त्यांना या लेखातली चित्रं परकी वाटतील, पण स्टॉलवर अंक दिसताच पाय थबकणं ओळखीचं असेल.

हा प्रकार संपला कसा?

विक्रीची जागा बदलली. १९७० च्या दशकात फिल सुलिंग या न्यूयॉर्कच्या माणसाने कॉमिक्सच्या खास दुकानांना थेट माल पुरवायची पद्धत रुजवली. सवलत जास्त, पण परत घेणार नाही ही अट. अशा दुकानात येणाऱ्याला काय घ्यायचंय ते आधीच माहीत असतं. त्याला रस्त्यात थांबवायची गरज उरली नाही, तेव्हा मुखपृष्ठाने प्रश्न विचारणंही सोडलं. नायकाची भव्य, देखणी मुद्रा पुरेशी ठरू लागली. त्यातली काही फार सुंदर आहेत. नील ॲडम्स यांचं जानेवारी १९७१ चं साखळदंड तोडणारा सुपरमॅन दाखवणारं मुखपृष्ठ मी कितीही वेळ बघू शकतो. पण ते पाहून आत काय घडलं असेल याची उत्सुकता लागत नाही. चित्र स्वतःतच पूर्ण आहे.

ही मुखपृष्ठं पाहायची कुठे? मूळ अंक घ्यावा का?

पाहायला पैसे लागत नाहीत. ग्रँड कॉमिक्स डेटाबेस या स्वयंसेवकांनी उभारलेल्या संग्रहात लाखो मुखपृष्ठं, तारखा आणि चित्रकारांची नावं मोफत आहेत. एखादं मासिक निवडा आणि वर्षाच्या क्रमाने बघत जा. सुटं चित्र पाहण्यापेक्षा यात कितीतरी जास्त कळतं. एखादी युक्ती कधी आली, कधी शिळी झाली, कुठल्या महिन्यात संपादकाने नवं काही करून पाहिलं, हे डोळ्यांसमोर उलगडतं. सुरुवात 'फ्लॅश'च्या १९५९ ते १९६७ या वर्षांपासून करा.

मूळ अंकांच्या किमतींमध्ये प्रचंड तफावत आहे. 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाची एक प्रत २०१४ मध्ये ३२ लाख डॉलरला गेली आणि २०२४ मध्ये दुसरी ६० लाखांना. पण १९६० च्या दशकातले मध्यम अवस्थेतले, फारसे गाजलेले नसलेले अंक सामान्य वाचकाच्या आवाक्यात आहेत आणि अजब मुखपृष्ठांपैकी बरीचशी त्यांतच सापडतात. एक सावधगिरी बाळगा. १९७४ मध्ये डीसीने ॲक्शनच्या पहिल्या अंकाची मोठ्या आकाराची हुबेहूब प्रत काढली होती. तिचं बाहेरचं आवरण काढून टाकलं की ती मूळ अंकासारखी भासते आणि अनेक जण फसलेत. मूळ अंक साधारण पावणेआठ इंच रुंद आणि साडेदहा इंच उंच असतो, ही प्रत त्याहून बरीच मोठी आहे. मोजपट्टी लावली की लगेच कळतं. फक्त चित्राचं प्रेम असेल तर मार्व्हल आणि डीसी आता जुने अंक जाहिरातींसकट जसेच्या तसे पुन्हा छापतात, ते घ्या. कागद नवा असतो, पण चित्र, फुगे, शिक्का आणि दहा सेंटांची किंमत सगळं जागच्या जागी असतं.